घंटेवरचे जुने नाव : अध्यापक शाळेचे विद्यापीठ कसे झाले (सॅन होजे आणि लॉस एंजेलिस)

ओवरी

नमस्कार. गेले तीन महिने मी मुलीकडे सॅन होजेला राहत आहे. संध्याकाळी सॅन होजे राज्य विद्यापीठाच्या आवारात फिरायला जाण्याचा परिपाठ पडला आहे. तिथे टॉवर हॉल नावाची १९१० सालची मनोऱ्याची इमारत आहे आणि तिच्याच परिसरात एक जुनी घंटा जपून ठेवलेली आहे. पहिल्या दिवशी मी ती नुसती पाहिली आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी जवळ जाऊन तिच्यावरची अक्षरे वाचली, तेव्हा मात्र तिथून पाय निघेना. घंटेवर विद्यापीठाचे नाव नाही. ‘कॅलिफोर्निया स्टेट नॉर्मल स्कूल’ असे नाव आणि १८८१ हे साल आहे. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा, आपल्याकडचे अध्यापक विद्यालय किंवा जुन्या माणसांच्या तोंडचे ‘ट्रेनिंग कॉलेज’.

हे मला इतके का लागले, तेही सांगते. मी सत्तावीस वर्षे एका अध्यापक विद्यालयात डी.एड.च्या मुलामुलींना शिकवले. सराव पाठांना मागच्या बाकावर बसून निरीक्षणे लिहिली, पाठटाचणांच्या हजारो वह्या तपासल्या. पुढे विद्यार्थी मिळेनासे झाले आणि विद्यालय बंद पडले. आता त्या खोल्यांत दुसरेच काही भरते. त्यामुळे एका अध्यापक शाळेची घंटा, तीस हजारांहून अधिक विद्यार्थी शिकत असलेल्या विद्यापीठाच्या हिरवळीवर मानाने उभी असलेली पाहिली, तेव्हा ही शाळा इथवर कशी आली हे समजून घ्यावेसे वाटले. महिनाभर वाचून जे हाती लागले ते इथे मांडते आहे.

सुरुवात सॅन होजेत नव्हे, तर सॅन फ्रान्सिस्कोत झाली. सोन्याच्या शोधात आलेल्या माणसांनी ते शहर काही वर्षांत फुगले होते. शाळा उघडत होत्या, पण शिकवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना शिकवण्याचे शिक्षण मिळालेले होते. म्हणून १८५७ मध्ये जॉर्ज मिन्स यांच्या देखरेखीखाली शहरातल्या शिक्षकांसाठी संध्याकाळची नॉर्मल शाळा सुरू झाली. दिवसभर वर्गात उभे राहायचे आणि दिवे लागल्यावर स्वतः विद्यार्थी होऊन बाकावर बसायचे, असा तिचा क्रम होता. १८६२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तिला राज्याची शाळा केले आणि १८७१ मध्ये ती सॅन होजेच्या वॉशिंग्टन चौकात आली. १८८० च्या फेब्रुवारीत तिची लाकडी इमारत जळून खाक झाली. दुसरी इमारत लगेच उभी राहिली आणि मी पाहिली ती घंटा त्या दुसऱ्या इमारतीसाठी ओतलेली आहे. १९०६ च्या मोठ्या भूकंपाने तीही इमारत निकामी केली. आज दिसतो तो टॉवर हॉल त्यानंतरचा.

इमारत जळाली त्याच सुमारास दक्षिणेकडून मागणी येत होती की, आमच्या मुलींना शिक्षिका होण्यासाठी इतक्या दूर सॅन होजेला पाठवणे परवडत नाही, आम्हाला इथेच शाखा द्या. १८८१ मध्ये विधिमंडळाने ती मान्य केली आणि २९ ऑगस्ट १८८२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये, एका संत्र्यांच्या बागेच्या जागी बांधलेल्या इमारतीत, सॅन होजेच्या शाळेची शाखा सुरू झाली. आज त्या जागी शहराचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे.

या शाखेचे पुढे जे झाले, ते वाचताना मी थक्क झाले. यूसीएलए या नावाने जग जिला ओळखते, ती कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजेलिसची संस्था म्हणजे हीच शाखा. मूळ शाळा आणि तिची शाखा, दोन्ही विद्यापीठे झाली, पण अगदी वेगळ्या वाटांनी. त्यातही शाखा आधी झाली आणि आईला आणखी अर्धे शतक थांबावे लागले.

माझे मत असे झाले आहे की, ही दोन्ही विद्यापीठे शिक्षकांच्या गरजेतून उगवली. आधी शिक्षक घडवण्याचे काम होते आणि बाकीच्या विद्याशाखा त्या खोडाला मागाहून फुटल्या. असे असताना विद्यापीठ होण्याच्या वाटेवर पहिली गोष्ट मागे पडते ती नेमकी शिक्षक घडवण्याचीच, असे मला दिसते. जाणकारांनी यावर लिहावे. लॉस एंजेलिसकडचे कोणी इथे असतील तर त्यांनी तिकडचा भाग अवश्य सांगावा.

पाणंद

ताई, उत्तम विषय. ‘नॉर्मल’ या शब्दाविषयी थोडी भर घालतो, कारण आज तो शब्द ऐकला की भलताच अर्थ मनात येतो. तो फ्रान्समधून आला. तिथे अशा शाळेला ‘एकोल नॉर्माल’ म्हणत. नॉर्म म्हणजे प्रमाण किंवा मानदंड. शिकवण्याची प्रमाण रीत जिथे दाखवली जाते ती नॉर्मल शाळा. अमेरिकेतली पहिली सरकारी नॉर्मल शाळा मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन येथे ३ जुलै १८३९ रोजी उघडली. शिक्षणसुधारक होरेस मान यांनी तिच्यासाठी पाठपुरावा केला होता आणि सायरस पीअर्स तिचे मुख्याध्यापक होते. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी आल्या तीन. तीच शाळा पुढे फ्रेमिंगहॅम येथे गेली आणि आज ती फ्रेमिंगहॅम राज्य विद्यापीठ आहे.

इलिनॉयमध्ये तर एका गावाचे नावच नॉर्मल आहे. १८५७ मध्ये तिथे ‘इलिनॉय राज्य नॉर्मल विद्यापीठ’ स्थापन झाले, त्याची कायदेशीर कागदपत्रे वकील असलेल्या अब्राहम लिंकन यांनी तयार केली आणि गावाने आपले जुने नाव टाकून १८६५ मध्ये संस्थेचे नाव घेतले. इथे ‘विद्यापीठ’ हा शब्द जन्मापासून होता, काम मात्र अध्यापक शाळेचे. १९६० च्या दशकात संस्थेच्या नावातून ‘नॉर्मल’ शब्द काढला गेला. गावाने तो अजून ठेवला आहे.

दक्षिणायन

मी वीस वर्षे लॉस एंजेलिसमध्ये राहतो आणि तिथल्या विद्यापीठाशी माझा नोकरीच्या निमित्ताने संबंध आला आहे, म्हणून ओवरीताईंनी मागितलेला भाग जरा सविस्तर लिहितो.

१८८७ मध्ये सॅन होजेशी असलेली नाळ तुटून ‘लॉस एंजेलिस स्टेट नॉर्मल स्कूल’ स्वतंत्र झाली. शहर वाढत होते, विद्यार्थी वाढत होते, संत्र्यांच्या बागेतली जागा अपुरी पडू लागली. १९१४ मध्ये शाळा व्हरमाँट रस्त्यावरच्या नव्या, ऐसपैस आवारात गेली. पण खरे वळण आले ते १९१७ मध्ये. त्या वर्षी अर्नेस्ट कॅरल मूर हे शाळेचे प्रमुख झाले. ते पूर्वी याच शहराच्या शाळांचे अधीक्षक होते आणि मधल्या काळात येल आणि हार्वर्ड येथे शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. दुसरे गृहस्थ एडवर्ड डिक्सन. हे वृत्तपत्राचे संपादक आणि त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळावर असलेले दक्षिण कॅलिफोर्नियाचे एकमेव सदस्य. १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये हे दोघे दुपारच्या जेवणाला एकत्र बसले आणि अध्यापक शाळा विद्यापीठाकडे सोपवावी, हा विचार त्या भेटीतून पुढे गेला.

त्या काळी राज्याचे विद्यापीठ म्हणजे बर्कली. लॉस एंजेलिसहून ते सहाशे किलोमीटर दूर. दक्षिणेतल्या सामान्य घरातल्या मुलाला पदवी घ्यायची तर घर सोडणे भाग, आणि मुलींच्या बाबतीत बहुतेक घरांनी तो विचारच केला नसता. उलट बर्कलीच्या बाजूने अशी भीती होती की, दुसरी शाखा उघडली तर पैसा वाटला जाईल आणि विद्यापीठाचा दर्जाही घसरेल. अध्यापक शाळेला विद्यापीठात घेणे अनेकांना कमीपणाचे वाटत होते. तरीही विधेयक मंजूर झाले आणि गव्हर्नर विल्यम स्टीफन्स यांनी २३ मे १९१९ रोजी त्यावर सही केली. शाळेची जमीन, इमारती आणि शिक्षक विद्यापीठाकडे गेले आणि संस्थेचे नाव झाले ‘कॅलिफोर्निया विद्यापीठाची दक्षिण शाखा’.

१९१९ च्या सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झाले तेव्हाचे आकडे बोलके आहेत. कला-विज्ञानाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला होते २५० विद्यार्थी आणि अध्यापक महाविद्यालयाला १,०७८. म्हणजे पाटी विद्यापीठाची लागली तरी पाचांतले चार जण शिक्षक होण्यासाठी आलेले होते. कला-विज्ञानाचे तिसरे आणि चौथे वर्ष १९२३ पासून टप्प्याटप्प्याने मिळाले. १९२७ मध्ये ‘दक्षिण शाखा’ हे नाव जाऊन ‘कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस येथील’ असे नाव आले. त्यातला ‘येथील’ जाऊन नुसता स्वल्पविराम उरायला १९५८ साल उजाडले. शाखेची बरोबरी मान्य व्हायला किती काळ लागला, याचे मोजमाप मला त्या एका शब्दात दिसते.

१९२७ मध्येच व्हरमाँट रस्त्यावरच्या आवारातून राल्फ बंच पदवीधर होऊन बाहेर पडले. याच शहरात आजीच्या घरी वाढलेला हा कृष्णवर्णीय मुलगा पुढे संयुक्त राष्ट्रांचा मध्यस्थ झाला आणि १९५० चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. अध्यापक शाळेच्या जागी विद्यापीठ झाल्याने काय मिळाले, असे कोणी विचारले तर मी आधी हे नाव सांगतो.

मग वेस्टवूड. १९२५ मध्ये नवी जागा निवडली गेली आणि ती विकत घेण्यासाठी लॉस एंजेलिस, बेव्हर्ली हिल्स, सांता मोनिका आणि व्हेनिस या चार नगरांच्या मतदारांनी कर्जरोख्यांना मंजुरी दिली. उघडी टेकाडे आणि मधून जाणारी एक खोल घळ, असे ते रान होते. बांधकामाचे सामान पलीकडे न्यायचे म्हणून आधी त्या घळीवर पूल बांधावा लागला. पुढे घळ भरून टाकली आणि पूल तसाच मातीखाली गेला. आज विद्यार्थी त्याच्यावरून चालतात, पण पायाखाली पूल आहे हे जाणवत नाही. १९२९ च्या सप्टेंबरमध्ये चार इमारतींत वर्ग भरू लागले. १९३३ मध्ये पदव्युत्तर पदवीची आणि १९३६ मध्ये डॉक्टरेटची परवानगी मिळाली.

खडूफळा

दक्षिणायन, माहिती सुरेख दिलीत. तरी ओवरीताईंनी विचारलेला प्रश्न थोडा बाजूला राहिला, असे मला वाटते. आपण हा सगळा प्रवास चढत्या पायऱ्यांसारखा सांगतो : शाळा, मग महाविद्यालय, मग विद्यापीठ, मग डॉक्टरेट. पण ज्या कामासाठी ही संस्था जन्मली त्या कामाच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? १९१९ मध्ये पाचांतले चार विद्यार्थी शिक्षक होणार होते. वीस वर्षांनी, १९३९ मध्ये, अध्यापक महाविद्यालय हे नाव मिटले आणि त्याच्या जागी शिक्षणशास्त्राची स्वतंत्र शाळा आणि उपयोजित कलांचे महाविद्यालय अशी वाटणी झाली. जी संस्था मुळात पूर्णच शिक्षकांची होती, तिच्यात शिक्षण ही अनेक शाखांतली एक शाखा झाली.

मी स्वतः बी.एड. महाविद्यालयात शिकवतो. विद्यापीठीय वातावरणात संशोधन करणाऱ्याला मान असतो, आणि सराव पाठाला बसून, तास संपल्यावर त्या मुलीला बाजूला घेऊन, तिचा प्रश्न कुठे चुकला हे समजावणाऱ्याला बढतीच्या वेळी कोणी विचारत नाही. हे मी अनुभवाने सांगतो आहे. नॉर्मल शाळेच्या काळात उलटे होते. तिथे सराव शाळा हाच संस्थेचा गाभा होता. त्यामुळे ‘विद्यापीठ झाले’ हे वाक्य आनंदाचे मानावे की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका आहे.

ओवरी

खडूफळा सर, आपण माझ्या मनातले बोललात, पण आपले म्हणणे तसेच्या तसे स्वीकारण्याआधी लॉस एंजेलिसच्या त्या सराव शाळेचे काय झाले ते पाहावे असे मला वाटते.

१८८२ पासून अध्यापक शाळेला जोडून लहान मुलांची एक शाळा होती. भावी शिक्षिका तिथे पाठ घेत. विद्यापीठ झाल्यावर ती ‘विद्यापीठाची प्राथमिक शाळा’ झाली. १९२५ पासून १९५७ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, कोरिन सीड्स या तिच्या मुख्याध्यापिका होत्या. मुलांनी ऐकत बसण्यापेक्षा करून शिकावे, बांधावे, खेळावे, नाटक करावे, अशी त्यांची रीत होती आणि त्यामुळे वादही ओढवले. १९२९ मध्ये सगळे विद्यापीठ वेस्टवूडला गेले, तेव्हा त्या नव्या आवारात या मुलांच्या शाळेला जागा नव्हती. ज्या कामातून संस्था जन्मली त्या कामाला नव्या घरात खोली नाही! सीड्सबाईंनी जवळजवळ दोन दशके आवाराबाहेर शाळा चालवली आणि पालकांना बरोबर घेऊन ती आत आणण्यासाठी झगडत राहिल्या. अखेर १९४० च्या दशकाच्या शेवटी शाळा विद्यापीठाच्या आवारात आली. पुढे रिचर्ड नॉयट्रा या नामवंत वास्तुरचनाकाराने तिच्या इमारतींचा आराखडा केला. वर्गाची एक बाजू पूर्ण उघडते आणि मुले तशीच झाडाखाली जाऊन बसू शकतात, अशी ती रचना आहे. ही शाळा आजही चालू आहे.

आता जे सांगते ते पाठटाचण लिहिलेल्या प्रत्येकाने लक्ष देऊन वाचावे. १९६० च्या दशकात याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या मॅडलिन हंटर. वर्गात बसून, चांगला शिक्षक नेमके काय करतो याची त्या नोंद ठेवत गेल्या आणि त्यातून त्यांनी पाठाची रचना मांडली : मुलांचे लक्ष विषयाकडे वळवणे, उद्दिष्ट सांगणे, नवी माहिती देणे, करून दाखवणे, मुलांना समजले का हे मध्येच तपासणे, देखरेखीखाली सराव, मग स्वतंत्र सराव. अमेरिकेतल्या शाळांमध्ये ही मांडणी घरोघरी पोचली. पुष्कळ ठिकाणी तिचा ठोकळा झाला आणि तपासणीला येणारे अधिकारी रकाने भरले आहेत का एवढेच पाहू लागले, हा भाग वेगळा. आपल्याकडे हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने चालणाऱ्या पंचपदीचे, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांचे, हेच झाले. प्रस्तावना, विषय प्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन असे रकाने आखून मुली रात्री जागत आणि सकाळी वर्गातली मुले भलताच प्रश्न विचारून तो सारा आराखडा मोडत. पण हंटरबाईंच्या मांडणीचे मूळ बाकावर बसून केलेल्या निरीक्षणात आहे, आणि ते निरीक्षण विद्यापीठाच्या आत, मुलांच्या शाळेत झाले.

म्हणून माझे म्हणणे थोडे बदलते. विद्यापीठ झाल्याने सराव पाठ मरतोच असे नाही. पण तो आपोआप जगत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी बत्तीस वर्षे भांडावे लागते.

पाणंद

पंचपदीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. हर्बार्टच्या अनुयायांनी पक्की केलेली ही पद्धत जर्मनीतल्या येना येथून अमेरिकेत आणणाऱ्यांत चार्ल्स डी गार्मो आणि मॅकमरी बंधू प्रमुख होते, आणि हे तिघेही त्या नॉर्मल गावच्या इलिनॉय नॉर्मल विद्यापीठाशी संबंधित होते.

कृष्णाकाठ

एक अडाणी वाटेल असा प्रश्न विचारते. लॉस एंजेलिसची शाखा १९१९ मध्येच विद्यापीठात गेली, मग सॅन होजेच्या मूळ शाळेला ते का मिळाले नाही? ती तर वयाने मोठी होती.

ओवरी

कृष्णाकाठ, प्रश्न मुळीच अडाणी नाही. मीही त्यातच अडकले होते.

मला समजले ते असे. सॅन होजेपासून बर्कली जवळ आहे. तिथे विद्यापीठाची शाखा हवी अशी निकड कोणाला वाटण्याचे कारण नव्हते, आणि दक्षिणेसारखा जोर लावणारा कोणी डिक्सनही नव्हता. चिको, सॅन डिएगो, सॅन फ्रान्सिस्को अशा इतर गावांतल्या नॉर्मल शाळांचीही स्थिती तशीच. या सगळ्यांना १९२१ च्या कायद्याने ‘राज्य अध्यापक महाविद्यालय’ हा दर्जा मिळाला आणि त्या चार वर्षांची पदवी देऊ लागल्या. शिक्षक व्हायचे नसलेली मुलेही हळूहळू तिथे येऊ लागली, कारण घराजवळ आणि स्वस्तात शिकण्याची तीच सोय होती. मंदीच्या वर्षांत तर ही गर्दी वाढली. मग १९३५ मध्ये नावातून ‘अध्यापक’ हा शब्द काढून ‘सॅन होजे राज्य महाविद्यालय’ असे नाव झाले. यांतली एक संस्था मात्र वाट बदलून गेली. सांता बार्बराचे राज्य महाविद्यालय, ज्याचे मूळही शिक्षक घडवणाऱ्या शाळेत होते, ते १९४४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात सामील झाले.

त्यानंतर आला १९६० चा उच्च शिक्षणाचा बृहत् आराखडा. क्लार्क कर हे तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि आराखड्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. त्याने कामाची वाटणी केली. संशोधन आणि डॉक्टरेट कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे. पदवी, पदव्युत्तर पदवी आणि शिक्षक घडवणे राज्य महाविद्यालयांकडे. पहिली दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयांकडे. या वाटणीने लाखो मुलांना शिकता आले, यात संशय नाही. पण जुन्या नॉर्मल शाळांसाठी ती एक भिंतही झाली. नाव मिळाले, १९७२ मध्ये सॅन होजे ‘कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठ, सॅन होजे’ झाले आणि १९७४ मध्ये ‘सॅन होजे राज्य विद्यापीठ’. डॉक्टरेट मात्र स्वतःच्या नावाने देता येत नव्हती, दुसऱ्या विद्यापीठाच्या भागीदारीतच द्यावी लागे.

२००५ मध्ये विधिमंडळाने कायदा करून राज्य विद्यापीठांच्या या समूहाला पहिल्यांदा स्वतंत्रपणे डॉक्टरेट देण्याची मुभा दिली. कोणत्या विषयात, तर शिक्षणशास्त्रात. शाळा आणि महाविद्यालयांचे नेतृत्व करणाऱ्यांसाठीची ती पदवी आहे. जो शब्द १९३५ मध्ये नावातून काढला, त्याच विषयाने सत्तर वर्षांनी सर्वांत वरचे दार उघडले. हे वाचले त्या संध्याकाळी मी पुन्हा घंटेपाशी जाऊन बसले.

धोबीतलाव

मुंबईतला माणूस म्हणून इथली बाजू मांडतो, कारण तिचा या विषयाशी सरळ संबंध आहे.

आपल्याकडे अध्यापक महाविद्यालयाचे विद्यापीठ होण्याची रीत नव्हती. प्राथमिक शिक्षकांची ट्रेनिंग कॉलेजे सरकारी शिक्षण खात्याकडे राहिली. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, झालेला मुलगा तिथे जाई आणि ‘थर्ड इयर ट्रेंड’ होऊन गावी परते, तेव्हा त्याला मान असे. माध्यमिक शिक्षकांची महाविद्यालये विद्यापीठाला संलग्न झाली. मुंबईत महापालिका मार्गावरचे माध्यमिक अध्यापक महाविद्यालय, सर्वांच्या तोंडी एस.टी.सी., हे १९०६ चे. पुण्याचे टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ चे. एस.टी.सी.मध्ये बी.टी. (आजची बी.एड.) केलेले मुख्याध्यापक महाराष्ट्रभर होते. तरी शतकभर हे महाविद्यालय महाविद्यालयच राहिले. २०१९ मध्ये मात्र विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि एस.टी.सी. ही चार सरकारी महाविद्यालये एकत्र करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे ११३ वर्षांनी एक अध्यापक महाविद्यालय विद्यापीठाचा घटक झाले.

आणि हे आता धोरणही आहे. महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. त्याने २०१२ मध्ये इतर विद्याशाखा नसलेल्या, एकट्याने चालणाऱ्या अध्यापक महाविद्यालयांविषयी जे सांगितले, त्याचा आधार २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने घेतला. २०३० पर्यंत शिक्षक होण्याची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. व्हावी आणि ती बहुविद्याशाखीय संस्थांमध्येच दिली जावी, असे ते धोरण सांगते. म्हणजे कॅलिफोर्नियाने १९१९ आणि १९२१ मध्ये जे पाऊल टाकले ते आपण आता टाकत आहोत. म्हणूनच या धाग्यातला सीड्सबाईंचा भाग मला फार मोलाचा वाटला. एकात्मिक अभ्यासक्रम सुरू करताना सराव शाळा आवारात असेल की दूर कुठेतरी, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

कृष्णाकाठ

आपल्याकडच्या एका नावाची आठवण इथे यायला हवी. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले होते. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. अध्यापक शाळेचे विद्यापीठ नाही झाले, पण अध्यापक शाळेतून बाहेर पडलेल्या शिक्षिकेचे नाव विद्यापीठाला मिळाले.

खडूफळा

हे माझ्या लक्षात कधीच आले नव्हते. मनापासून आभार.

ओवरीताई, मी माझा आक्षेप पूर्ण मागे घेत नाही, पण सीड्स आणि हंटर यांच्यामुळे त्याची धार कमी झाली हे कबूल करतो. एक विचारू? आपल्या विद्यालयातल्या पाठटाचणांच्या वह्यांपैकी काही उरल्या आहेत का? विद्यालये बंद होताना हा सगळा ऐवज रद्दीत जातो आहे.

ओवरी

सर, विद्यालय रिकामे करताना मी अकरा वह्या घरी आणल्या होत्या. त्या साताऱ्याला कपाटात आहेत. त्यातल्या एका वहीचे एक पान मात्र माझ्या भ्रमणध्वनीत आहे, कारण ती मुलगी आता स्वतः मुख्याध्यापिका आहे आणि तिनेच ते मागून घेतले होते.

इयत्ता तिसरी, परिसर अभ्यास, घटक ‘पाण्याचे उपयोग’, वेळ ३५ मिनिटे. डाव्या रकान्यात अध्यापकाची कृती, उजव्या रकान्यात विद्यार्थ्यांची कृती. शैक्षणिक साहित्यात तिने लिहिले होते : कळशी, पेला, रोपाची कुंडी. कळशी तिने खरोखर घरून आणली होती, एस.टी.तून, मांडीवर धरून. समासात माझ्या लाल शाईची तीन टिपणे आहेत. पहिले : ‘प्रश्न विचारल्यावर थांबावे, उत्तर स्वतः देऊ नये.’ दुसरे : ‘फळ्याकडे तोंड करून बोललात, मागच्या बाकापर्यंत ऐकू आले नाही.’ तिसरे पानाच्या तळाशी आहे : ‘कुंडीला पाणी मुलांनी घातले तेव्हा वर्ग जागा झाला. उद्या पाठाची सुरुवात तिथूनच करून पाहा.’ दुसऱ्या दिवशी तिने तशीच सुरुवात केली होती. तो पाठही मी पाहिला होता.